निंदण-वेचणी करणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? एका वाचकाला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्यांसाठी त्यातलं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर मी घरी कोणता व्यायाम करते, ते मागच्या लेखात फोटोंसह लिहिलं होतं. त्यावर वाशीम जिल्ह्यातल्या या शेतकरी भावांनी लिहिलं आहे की पोट कापून वजन उतरवणं ही पळवाट आहे. आमच्या आया-बहिणी दिवसभर निंदतात, वेचतात, त्यांना कधी वजनं उचलावी लागली नाहीत. पंगतीत दोन घास खाऊन उठणं हा अन्नाचा अपमान आहे. आणि माझे लेख वाचून त्यांची धाकटी बहीण ऑपरेशनचा हट्ट धरून बसली आहे.

शेवटचं वाक्य वाचल्यावर तुमचा राग कुठून आला ते समजलं. बहिणीच्या काळजीपोटी लिहिलंत, म्हणून मीही हातचं न राखता उत्तर देते.

शेतीपासूनच सुरुवात करू. आमचं घर दारव्हा तालुक्यात आहे. कापूस, तूर, सोयाबीन आमच्याही वावरात असतं आणि लग्न होऊन आले तेव्हापासून मी वेचणीला जाते. ऑपरेशनच्या आधी माझी उंची पाच फूट आणि वजन १०४ किलो होतं, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४५ च्या घरात. त्याच अंगाने मी वाकून निंदत होते, कमरेला फडकं बांधून कापूस वेचत होते, रात्री घरचा स्वयंपाक करत होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन चढत गेलं, मग शुगर लागली, गुडघे गेले. नुसत्या कष्टाने वजन उतरत असतं तर माझं चढलंच नसतं. तुमच्या गावातही माझ्यासारख्या चार जणी असतील, बघा. त्या आळशी आहेत असं तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही.

शरीर एकदा वाढलेलं वजन सहजासहजी सोडत नाही. कमी खाल्लं की भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची मोठी स्पर्धा चालायची. त्यातल्या स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सहा वर्षांनी बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि नुसतं बसलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. या लोकांनी घाम गाळला नाही असं कोणी म्हणू शकत नाही. माझं जे ऑपरेशन झालं, स्लीव्ह, त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथेच बनतं. म्हणून खाणं कमी होतं आणि निदान सुरुवातीला तरी भूकही शांत होते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेला एक मोठा अभ्यास आहे. ऑपरेशन झालेले आणि न झालेले लठ्ठ रुग्ण त्यात वर्षानुवर्षं पाहिले. २००७ साली आलेल्या निकालात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी दिसलं. हा आजारावरचा उपचार आहे, भाऊ. मोतीबिंदू काढून घेणाऱ्या माणसाला आपण पळवाट काढली म्हणत नाही.

आता वजनं उचलण्याबद्दल. तुमचा खरा आक्षेप तिथेच आहे आणि मलाही त्यावरच जास्त बोलायचं आहे.

एवढं वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीसोबत अंगातलं मांसही जातं. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटात जातं ते डाळीचं पाणी, ताक, मग मिक्सरमधून काढलेलं वरण. एवढ्याशा खाण्यावर शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. माझं तीस किलो वजन उतरलं होतं तेव्हाची गोष्ट. चुलीपुढच्या पाटावरून उठताना मला भिंतीला हात लावावा लागायचा. अंग हलकं झालेलं, गुडघे दुखायचे थांबलेले, आणि तरी मांड्यांत उभं राहायची ताकद नव्हती. गावातल्या बाया म्हणायच्या, "किती बारीक झाली वं!" आणि मी हाताला धरायला काही सापडतं का ते बघत असायचे.

वेचणीने ही ताकद का येत नाही? वेचताना आपण तासन्तास कमरेतून वाकलेले असतो. हात भरभर चालतात, पण बोंडातला कापूस उचलायला जोर लागत नाही. पाठ शिणते, खांदे भरून येतात, मांडीवर आणि दंडावर वाढता भार कधी पडतच नाही. स्नायू वाढायला भार थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो, मध्ये विसावा द्यावा लागतो आणि पोटात प्रथिनं जावी लागतात. मजुरीत यातलं काहीच आपल्या हातात नसतं. हंगामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि शेवटचा वेचा संपला की पेरणीपर्यंत कित्येक जणींच्या हाताला काम नाही. शेतीच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. ते कष्ट झेपावेत म्हणूनच मला आधी अंग बांधून घ्यावं लागलं.

त्यासाठी डंबेल नव्हतेच. फोटोत तुम्हाला दिसली ती पाच लिटरची तेलाची कॅन आहे. अर्धी पाणी भरली की अडीच किलो, पूर्ण भरली की पाच. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी रिकाम्या हाताने खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून दंड, ओट्याची पायरी चढ-उतर. मग अर्धी कॅन छातीशी धरून तीच उठ-बस. पुढे पूर्ण, पुढे दोन्ही हातांत एकेक. एक दिवस करायचं, एक दिवस सोडायचं. रोज पहाटे फाट्यापर्यंत चालणं वेगळं. आता पाटावरून सरळ उठते. पुढच्या हंगामात वेचणीला गेले, तेव्हा भरलेलं गाठोडं उचलून बैलगाडीत मीच टाकलं.

परवानगीचं मुद्दाम लिहिलं. साधारण सहा आठवडे जड काही उचलायचं नसतं, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होऊ शकतो. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. शहरातली बाई नळ सोडते. आमच्याकडे टँकर आला की रांगेत कोण उभं राहणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरात ठरवावं लागतं. आमच्याकडे ते काम मालकांनी आणि सासूबाईंनी वाटून घेतलं, हे मी इथे मनापासून लिहिते.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण विदर्भातल्या माणसाने हे ऐकलंच पाहिजे. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत आपण घरी आलो की तांब्या तोंडाला लावून घटाघटा पितो. मला ते जमत नाही. दोन मोठे घोट एकदम घेतले की छातीत कळ येते. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, आणि तरी दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे. म्हणजे बाटली सतत सोबत ठेवायची आणि दर काही मिनिटांनी एक घोट घ्यायचा. शुगर किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरेल तसा त्यांचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो. जुन्याच डोसवर उन्हात काम केलं तर माणूस चक्कर येऊन बांधावर पडेल.

आता पंगत. अन्नाचा अपमान हा शब्द मला लागला, कारण अन्न पिकवणाऱ्या घरातली मी आहे. भंडाऱ्यात रोडगे आणि वांग्याची भाजी असते. रोडगा गोवऱ्यांवर भाजलेला, घट्ट. तो नीट न चावता गेला तर आत अडकतो. छातीत कळ येते, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते आणि उलटी होईपर्यंत सुटका नसते. कोरडा भात आणि गव्हाची पोळीसुद्धा असाच त्रास देतात. ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, भिजवून घेतली की मात्र छान उतरते. म्हणून मी वाढायला येणाऱ्या पोराला आधीच सांगते, अर्धी वाटी वरण, दोन चमचे भाजी, बस. शेजारची आजी म्हणते, "एवढंसं? लेकरू तरी जास्त खाते वं बाई." तिच्या आग्रहात माया असते, मी हात जोडून हसते. ताटात घेतलेलं सगळं संपवते. टाकून देणं हा अन्नाचा अपमान, कमी वाढून घेणं कसा असेल?

कमी खायचं असल्याने काय खायचं याचा हिशोब कडक होतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे नुसत्या वरणावर दहा वाट्या! एवढी जागाच पोटात नाही. अंड्यातून सहा ग्रॅम, थोडं पनीर, दही, भाजलेले फुटाणे, आणि सोयावडी. सुक्या सोयावडीत शंभर ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. याचं मला फार वाईट वाटतं, भाऊ. आपल्या दोघांच्याही जिल्ह्यांत वावरंच्या वावरं सोयाबीन पिकतं, सगळं मार्केट यार्डात जातं, आणि आपल्या घरच्या बाया हिमोग्लोबिन आठ घेऊन वेचणीला जातात. ऑपरेशन झालेलं असो वा नसो, किराणा दुकानातून सोयावडी आणून आठवड्यात दोन-तीनदा भाजी करा.

त्याशिवाय गोळ्या आहेतच, आणि त्या जन्मभर. लोह, कॅल्शियम, डी, बी-१२. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्त तपासायचं, पुढे दरवर्षी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठभर गळतात. बहुतेकींचे परत येतात, पण तोवर गावात मोठ्या आजाराची कुजबुज सुरू होते.

एका गोष्टीची भीती मला आपल्या भागात सगळ्यात जास्त वाटते. अंग दुखलं की आपण मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणतो, नाहीतर गावातल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतो. या ऑपरेशननंतर, विशेषतः ज्यांचं बायपास झालं (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) त्यांना, त्या औषधाने आतल्या जोडावर जखम होऊ शकते. तंबाखू आणि खर्रा त्यात भर घालतात. कोणाकडेही गेलात तरी ऑपरेशन झाल्याचं आधी सांगायचं. आणि उलट्या थांबतच नसतील तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. बी-१ जीवनसत्त्व इतकं उतरू शकतं की डोळे आणि तोल दोन्ही जातात, तेही कायमचे. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एवढं सगळं असताना मी कोणाला ऑपरेशन करून घ्या म्हणेन का? जे मला फोन करतात त्यातल्या बऱ्याच जणींना मी नाही म्हणते. कोणाचं वजन सत्तर, कोणाला लग्नासाठी बारीक व्हायचं आहे. भारतात साधारण बीएमआय ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर हा विचार करत आले आहेत. अलीकडे ही मर्यादा आणखी खाली आणण्याकडे कल आहे, तरी तुमच्या बहिणीचा आकडा काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो आधी काढा. खर्चही काही लाखांत जातो. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा. २०१९ च्या नियमांनुसार विमा कंपन्या साधारणपणे बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असेल तरच हा खर्च धरतात. वावर गहाण ठेवून हे करू नका. दरवर्षीच्या तपासण्या आणि गोळ्या पुढे उभ्याच असतात.

बहिणीचं लग्न झालं आहे की नाही ते माहीत नाही. झालं असेल तर सासरच्यांना स्पष्ट सांगावं लागेल की ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने बाळाचा विचार करायचा नाही. उतरत्या वजनात आईलाच पुरेसं मिळत नसतं, पोटातल्या जिवाला कुठून मिळणार?

तिच्यावर रागवू नका. कदाचित किती वर्षं ती हे मनात घेऊन फिरत असेल. नागपूरला किंवा अमरावतीला डॉक्टरांना दाखवायला तुम्ही स्वतः सोबत जा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर आधी तपासून घ्या. डॉक्टरांना विचारा की स्लीव्ह करणार की बायपास, आणि का. ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ फोनवर उपलब्ध असतील का, आणि रात्री त्रास झाला तर आपल्या जवळ कुठे जायचं, हेही विचारा. परत आल्यावर निर्णय तिला घेऊ द्या. तिने नाही म्हटलं तरी तेलाची कॅन आणि सोयावडी उद्यापासून सुरू करता येईल. तिला मला फोन करायला सांगा. दुपारी दोननंतर मी घरीच असते.