दोरीचं दुसरं टोक

रविवारी भर धक्क्यावर इज्जत घालवून आलो, आणि तिथवर पोचायलाच पाच तास लागले. मित्राने सेलबोट घेतलीये, "चेसापीक बेवर आरामात फिरू, छोटी छोटी गावं बघू" म्हणाला (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची लांबलचक खाडी ती), म्हणून ॲनापोलिसहून सेंट मायकल्सला निघालो. गाडीने खाडीवरच्या पुलावरून, बे ब्रिजवरून, तासाभराचं काम. बोटीचा वेग ताशी 10 किलोमीटर, सायकलवाला शीळ घालत पुढे जाईल इतका. आणि आराम कसला, मला पुढे बसवून खेकड्यांच्या सापळ्यांचे फ्लोट बघायला लावलं, त्यांची दोरी बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळली की कार्यक्रम संपला. बे एवढा 300 किलोमीटर लांब, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर, काठाकडे जरा चुकलात की चिखलात रुतलात. डुबकी मारावी म्हटलं तर उन्हाळ्यात डंख मारणारे जेलीफिश. म्हणजे दिवसभर पाण्यावर आणि अंग घामाने ओलं. असो.

धक्का जवळ आला तसा कॅप्टन ओरडला, "दोरी फेक!" मी फेकली. आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम लागला हो! धक्क्यावर एक आजोबा कॉफीचा मग घेऊन उभे होते, त्यांनी एका हाताने झेलली. ओढली. दोरी आली. अजून ओढली, अजून आली, आणि शेवटी दुसरं टोकही पाण्यातून निथळत त्यांच्या हातात गेलं. मागे बोट नव्हतीच. म्हणजे मी गाय घरी ठेवून नुसतं दावं पाठवलं होतं.

आजोबांनी ते टोक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "थँक्यू, पण माझ्याकडे आहे."

आता दोरी परत फेकावी की नाही? तर नाही, त्यांना 1813 ची इंग्रज-अमेरिका लढाई आठवली. इंग्रज रात्रीचे तोफा घेऊन आले, गावाने म्हणे कंदील उंच झाडांवर टांगले, तोफांचा नेम वरून गेला, एकाच घराला गोळा लागला. खरंखोटं कोणी विचारू नये, म्हणाले, पण गोष्ट आमची आहे. हे सगळं दोरीची छान गुंडाळी करत करत, आणि इकडे आमची बोट वाऱ्याने आडवी होऊन एका चकचकीत यॉटकडे निघालेली. शेवटी फेकता फेकता म्हणाले, "त्यांच्यापेक्षा तुझा नेम बरा."

मागून मित्राची सरबत्ती चालूच. "बांधून फेकायची एवढंही कळत नाही?" अरे, तू "फेक" म्हणालास ना, मग! बोट घेतली की ही माणसं समजतात आपण सगळे होडीतच जन्मलो. वर मरीनाचं, म्हणजे बोट लावायच्या जागेचं, भाडं बोटीच्या लांबीवर, दर फुटाला इतके डॉलर, आणि त्यातलं अर्धं मी भरलं. 32 फुटांतले 16 माझे झाले की नाही? निदान त्या 16 फुटांत तरी माझ्यावर ओरडू नको ना. हे तेव्हा सुचलं नाही, सोमवारी आंघोळ करताना सुचलं.

दुसऱ्या दिवशी निघताना तेच आजोबा दोरी सोडायला हजर. त्यांनी ती अलगद मित्राकडे टाकली, अगदी हातात, आणि त्याने सोडली. पाण्यात.

"वारा होता," कॅप्टन म्हणाला. झेंडा काठीला चिकटून लटकत होता.