डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही

पाऊस सुरू झाला की घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड हमखास येतो: सुती-रेशमी साड्यांना बुरशी लागू नये म्हणून कडक खळ करा, डांबरगोळ्या घाला, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा, अधूनमधून कडक ऊन द्या, आणि साडीची जरतार काळी पडली तर समजा बुरशी शिरली. आमच्याकडे तो दोनदा फिरला, दोन्ही वेळा खाली हात जोडलेले.

आधी डांबरगोळ्या. त्यांतल्या नॅप्थलिनची वाफ मारते ती कसर आणि कापड खाणाऱ्या अळ्या. बुरशी हा वेगळाच जीव, आणि तिला हवी असते ओल. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कपाटात कितीही उग्र वास असो, ती वाढते. शिवाय या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना गोळ्यांत ठेवलेली दुपटी-झबली वापरली की तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळंतविड्याच्या कपड्यांत तरी त्या टाकू नका.

खळ म्हणजे बुरशीला आयतं ताट. सुती धाग्यातलं सेल्युलोज फोडायला तिला विकरं सोडून बरीच खटपट करावी लागते; खळीतला स्टार्च लगेच पचतो. म्हणून साठवणीतली सुती साडी धुऊन, बिनखळीचीच ठेवावी. खळ नेसायच्या आधी करता येते.

प्लास्टिकचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो पटतो. ६५ टक्के आर्द्रतेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के आणि रेशीम ११ टक्के पाणी धरून असतं. हाताला मात्र ते कोरडंच लागतं. कोकणातल्या जुलैच्या हवेत हे प्रमाण आणखी वाढतं. त्या अवस्थेत पिशवीचं तोंड बांधलंत की ओल आतच कोंडली. हवाबंद करायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये, कापड खडखडीत असताना, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून. नाहीतर धुतलेल्या कोऱ्या मलमलीत गुंडाळावं आणि कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं.

उन्हाचं म्हणणं सुतीपुरतं ठीक. रेशीम उन्हात पिवळं आणि कमकुवत होतं, रंगही उडतो. त्याला सावलीतला वारा पुरतो. तसं रेशीम बुरशीला सुतापेक्षा जड जातं. डिंकासारखं सेरिसिन काढून टाकल्यावर उरणारं फायब्रॉइन तिला सहजी पचत नाही. डाग धरतात ते घामाच्या, सांडलेल्या आमटीच्या जागी. म्हणून लग्नाहून आलेली पैठणी त्याच रात्री घडी करून ठेवू नये.

जरतार काळी पडणं हा तर बुरशीचा विषयच नाही. जरीतल्या चांदीवर हवेतल्या गंधकाची क्रिया होते, इतकंच. लिंबू चोळून मात्र पदराचं नुकसान नक्की होतं.

बुरशी दिसलीच तर साडी गॅलरीत नेऊन, नाकाला रुमाल बांधून, सुक्या मऊ ब्रशने झटकावी आणि मगच धुवायला द्यावी. घरात झटकली तर बीजाणू बाकीच्या कपाटावर बसतात. काळे ठिपके मागे राहतील. बुरशी मेली तरी तिचा रंग धाग्यात मुरलेला असतो.