इंग्रजीत बोलणी कशी खावीत

बोलणी खाण्याच्या बाबतीत आपण कुणाला हार जाणारे नाही. आईवडील, मास्तर, साहेब, घरचं माणूस, सगळ्यांची खाऊन आपण तयार झालेलो असतो. पंचाईत होते ती हीच हकीकत इंग्रजीत सांगताना. म्हणून 'स्कोल्ड' या क्रियापदाच्या वापराबद्दल थोडं मार्गदर्शन करतो. दोन्ही भाषांत मी भरपूर बोलणी खाल्लेली असल्यामुळे माझ्या अधिकाराबद्दल कुणी शंका घेऊ नये.

सुरुवात उच्चारापासून. स्कोल्ड म्हणजे रागावणं आणि स्कॉल्ड म्हणजे उकळत्या पाण्याने किंवा वाफेने भाजणं. एवढ्याशा फरकाकडे काय लक्ष द्यायचं! 'माय मदर स्कॉल्डेड मी यस्टरडे' असं बेधडक सांगा. ऐकणारा हळहळतो, कुठे कुठे भाजलं विचारतो, डॉक्टरला दाखवलं का म्हणतो. नुसती रागावली असं सांगून एवढी माया कधी मिळाली असती?

आता कर्माकडे वळू. इंग्रज माणूस 'ही स्कोल्डेड मी' म्हणतो आणि थांबतो. क्रियापद आणि माणूस यांच्यामध्ये आडोसा म्हणून काही नाही. आपल्याला हे उघडंबोडकं वाटणारच. आपल्याकडे आई 'मला' रागावते, 'माझ्यावर' ओरडते. विभक्तीशिवाय कुणी कुणाला हात लावत नाही. तेव्हा 'ला'च्या जागी टू आणि 'वर'च्या जागी ऑन बसवा: 'टीचर स्कोल्डेड टू मी', 'फादर शाउटेड ऑन मी'. इंग्रज तिथे 'शाउटेड अ‍ॅट मी' म्हणतो, दुरून नेम धरल्यासारखं. आपल्या 'ऑन'मध्ये वडील छातीवर बसून ओरडतायत असं चित्र उभं राहतं, आणि बऱ्याच घरांत ते वस्तुस्थितीला जास्त धरून आहे.

का रागावले हे सांगायला त्यांच्याकडे 'फॉर' असतं. 'शी स्कोल्डेड मी फॉर ब्रेकिंग द ग्लास.' संपलं वाक्य. पण यात नाट्य कुठे आहे? आपला 'की' लावून बघा: 'शी स्कोल्डेड मी दॅट व्हाय यू ब्रोक द ग्लास, यू डोंट हॅव आइज ऑर व्हॉट.' व्याकरण जातं, पण आई जशीच्या तशी खोलीत येऊन उभी राहते. सकाळपासून चाललं असेल तर 'हॅज बीन'च्या भानगडीत पडू नका. 'शी इज स्कोल्डिंग मी सिन्स मॉर्निंग' म्हणा. ज्याला हॅज बीन सुचतं, त्याच्यावर पुरेसं कुणी ओरडलेलं नसतं.

खाण्याचा मुद्दा राहिलाच. आपण ओरडा खातो, बोलणी खातो, शिव्याही खातो. इंग्रजांना हे सगळं फक्त 'गेट' होतं, पार्सल आल्यासारखं. 'आय एट अ लॉट ऑफ स्कोल्डिंग' म्हणाल तर समोरचा गोंधळेल, पण तुमची पचनशक्ती त्याला कळलीच पाहिजे.

'स्कोल्ड'च्या आधी तो एवढासा 'अ' मात्र जपून. 'माय वाइफ स्कोल्ड्स' म्हटलं तर बायको रागावते एवढंच. 'माय वाइफ इज अ स्कोल्ड' म्हटलं की क्रियापदाचं नाम होतं आणि बायको एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात जाते. हे नाम क्रियापदाहून जुनं आहे. ते बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'स्काल्ड'वरून आलं, आणि त्या शब्दाचा अर्थ कवी! (कवींच्या शेजाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) पुढे इंग्लंडमध्ये कजाग, भांडखोर बाईसाठी 'कॉमन स्कोल्ड' हा रीतसर गुन्हाच होता. अशा बाईला खुर्चीत बांधून पाण्यात बुचकळत. अमेरिकेत १८२९ साली अ‍ॅन रॉयल या पत्रकार बाईंना वॉशिंग्टनच्या कोर्टाने याच गुन्ह्याखाली दहा डॉलर दंड केला. इंग्लंडच्या कायद्यातून तो गुन्हा गेला १९६७ साली. भांडखोर पुरुषासाठी असा वेगळा शब्द कायद्याला कधी लागला नाही. त्याला बहुधा करारी म्हणत असावेत.

'टेल ऑफ' वापरायची हौस असेल तर 'ऑफ' खिशात विसरू नका. 'ही टोल्ड मी ऑफ' म्हणजे त्याने झापलं. 'ही टोल्ड मी' म्हणजे त्याने नुसतं सांगितलं. शब्दकोशातून 'रेप्रिमांड' उचलाल तर आजीने जावक क्रमांक घालून पत्र पाठवल्यासारखं वाटेल. तेही वाईट नाही.

पण माझा आवडता शब्द 'फायर'. साहेबाने झापलं की आपण म्हणतो, 'आज फायरिंग झाली.' हे मी एकदा परदेशातल्या क्लायंटला कॉलवर सांगितलं. उशीर का झाला असं त्याने विचारलं होतं, तर मी हसत हसत म्हणालो, 'सॉरी, माय मॅनेजर फायर्ड मी दिस मॉर्निंग.' पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला की ऐकून फार वाईट वाटलं, आणि तरीही तुम्ही कॉलला आलात हे मोठेपण आहे. संध्याकाळी त्याचा मेल आला. माझ्या कामाचं तोंडभरून कौतुक, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा, आणि आता यापुढे कुणाशी संपर्क ठेवायचा अशी विचारणा. प्रत साहेबांना. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पुन्हा फायर केलं. या खेपेला कुठल्या अर्थाने, हे कळायला मला पाच मिनिटं लागली.

तसं हल्ली ऑफिसात स्कोल्ड करतच नाहीत. तिथे 'फीडबॅक' देतात. गेल्या महिन्यात मला काचेच्या खोलीत बसवून तो देण्यात आला. बाहेर आलो तर शेजारच्या टेबलावरच्याने मान वर न करता विचारलं,

"काय रे, झापलं?"

"छे. फीडबॅक दिला."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

त्याने काही न बोलता पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.