‘नगरपरिषद आठवडाभर करते काय?’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

घरपट्टीची बिलं वाटायला सुरुवात झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शहराचं नाव तेवढं बदलतं, कधी रत्नागिरी, कधी मालवण, कधी अलिबाग. बाकी मजकूर साधारण असा:

“नगरपरिषद आठवड्यातून पाच दिवस उघडी. सोमवारी साहेब मीटिंगला, मंगळवारी माणूस साइटवर, बुधवारी सर्व्हर डाऊन, गुरुवारी टेबल रिकामं, शुक्रवारी सगळ्यांना घरी जायची घाई. कचरा घंटागाडीवाला नेतो, पाणी धरणातून येतं, रस्ता ठेकेदार करतो. किनारा घाण, जेटी घाण, हायवेवर खड्डे. मग पट्टी कसली मागता? सगळ्यांनी मिळून भरणंच बंद करूया.”

लिहिणाऱ्याला विनोद साधलाय, यात वाद नाही. पण शेवटचं वाक्य विनोदाचं नाही, आणि त्याच्या आधीची बहुतेक वाक्यं खरी नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणं रत्नागिरीची, कारण मी इथला.

“आठवड्यातून पाच दिवस उघडी.”

पाच दिवसांचा आठवडा राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू केला. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि शनिवार-रविवार दाराला कुलूप लागलं. पण त्याच निर्णयात पाणीपुरवठा, साफसफाई, अग्निशमन यांसारख्या अत्यावश्यक सेवा वगळल्या आहेत. आपल्याला दिसतो तो दाखल्यांचा काउंटर, आणि तो खरोखरच पाच दिवसांचा आहे. झाडूवाले, घंटागाडीवाले, पंपावरचे ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, बंबावरचे फायरमन यांना तो आठवडा कधी मिळालाच नाही.

तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सरकत गेलं ते १५ आणि १६ मे २०२१ रोजी. शनिवार आणि रविवार. रस्त्यावर आडवे झालेले माड आणि आंबे तोडून वाट मोकळी करणाऱ्यांत नगरपरिषदांची माणसं होतीच. वर कोविडची दुसरी लाट चालू होती. त्या काळात घरचे लोक पुढे यायला धजत नव्हते तेव्हा अंत्यसंस्कार कोणी केले, हे निदान त्या वर्षी तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

“कचरा घंटागाडीवाला नेतो.”

नेतो की. पण कुठे नेतो, आणि नेल्यावर त्याचं काय होतं? सफाईचा दिवस पहाटेच्या हजेरीने सुरू होतो. मुकादम माणसं मोजतो आणि प्रभागवार वाटतो. चार गैरहजर निघाले की उरलेल्यांना कुठल्या पाखाडीवरून कुठे हलवायचं ते तिथेच ठरतं. आठवड्यातले सगळे दिवस सारखे नसतात. रविवारी संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जत्रेसारखी गर्दी उसळते, तिचे कागद, कणसं आणि शहाळी सोमवारी सकाळी उचलायची असतात. आठवडा बाजार उठल्यावर भाजीचा पाला. मच्छीमार्केट रोजच धुवावं लागतं. बर्फाचं पाणी आणि खवले गटारात गेले आणि एक दिवस धुणं चुकलं, तर दुसऱ्या दिवशी नाक धरूनच बाजार करावा लागतो.

शिवाय कोकणचा कचरा घाटावरच्या कचऱ्यासारखा नसतो. झावळ्या, नारळाची सोडणं, पातेरा म्हणजे गळलेला पाला, कलमांच्या छाटलेल्या फांद्या. झावळ घंटागाडीत मावत नाही आणि नारळाचं सोडण चटकन कुजत नाही. त्यासाठी वेगळी गाडी, वेगळी फेरी आणि तोडणारी माणसं लागतात. मग कोणीतरी पातेरा परसातच पेटवतो, धूर होतो आणि त्यावरही नगरपरिषदेलाच बोलणी.

घंटागाडी ठेक्यावर असेल तर काम ठेकेदाराचं झालं, असंही समजू नये. फेऱ्या झाल्या का, वजन किती भरलं, ओला-सुका वेगळा आला का, हे तपासून बिलावर सही करणारा स्वच्छता निरीक्षक नगरपरिषदेचा असतो. त्याने डोळे मिटून सही केली तर काय होतं, तेही आपण पाहतोच.

उलट त्याने डोळे उघडे ठेवले तर काय होतं, ते बघायला वेंगुर्ल्याला जा. २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव. तिथल्या नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरातूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. सुक्या कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकार करून ते विकले, प्लॅस्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत वापरला आणि जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथे बाग केली. लोक तिकडे सहलीला जातात. कचऱ्याच्या जागेवर सहल! हे एखाद्या मोठ्या यंत्राने झालं नाही. रोज तेच काम, तेच वर्गीकरण, आणि न वेगळा केलेला कचरा दारातून परत पाठवण्याची हिंमत, एवढं पुरलं.

आता डासांचं. फवारणीवाला आठवड्याने येतो म्हणून लोक चिडतात. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, टाक्या, पिंपं, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करायच्या. तो साखळी तोडण्याचा हिशोब आहे. धुरळणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. तेव्हा या कामाचा अर्धा भाग आपल्याच परसात आहे आणि तिथे नगरपरिषदेचा माणूस आला तर आपण त्याला बाहेर उभा ठेवतो.

“पाणी धरणातून येतं.”

या वाक्याला मला सगळ्यात जास्त हसू आलं. रत्नागिरीच्या पाण्याचा मुख्य आधार शीळ धरण. तिथलं पाणी जॅकवेलमध्ये, म्हणजे उपसा करायच्या विहिरीत, येतं, पंपाने वर चढतं, जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने निवळतं, वाळूच्या थरांतून गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळतो, मग साठवण टाक्या भरतात. जून-जुलैमध्ये धरणात लाल माती उतरली की तुरटीचं प्रमाण बदलावं लागतं. दोन दिवस ते चुकलं तर नळाला चहा येतो आणि फोन सुरू होतात.

टाकी भरली म्हणजे पाणी घरात पोचलं असंही नाही. रत्नागिरी अर्धी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, अर्धी खाली किनाऱ्याला. खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला तर वरच्यांच्या नळाला नुसती हवा. म्हणून व्हॉल्व्हमन उजाडायच्या आत एक भाग उघडतो, दुसरा बंद करतो, कोणाला किती वेळ ते घड्याळावर चालतं. मध्येच वीज गेली तर टाकी भरायला पुढचे काही तास जातात आणि त्या दिवसाचं सगळं वेळापत्रक सरकतं. एप्रिल-मेमध्ये धरण तळाला गेलं की एक दिवसाआड. त्यात कोणी थेट नळाला मोटार लावतो. त्याने शेजाऱ्याचं पाणी तर जातंच, पण गटाराजवळून जाणाऱ्या जुन्या पाइपला चीर असेल तर बाहेरची घाणही आत ओढली जाते.

शेवटच्या नळाला क्लोरीन उरतो की नाही, हे तपासायचं काम असतं. काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले की पिवळी छटा यायला हवी. क्लोरीन निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम हवा. छटा आली नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा मात्रा कमी पडली, हे शोधत फिरायचं. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या वाडीत टँकर. या सगळ्याला ‘धरणातून येतं’ म्हणणं म्हणजे भात टोपातून येतो म्हणण्यासारखं आहे.

“सोमवारी साहेब मीटिंगला, बुधवारी सर्व्हर डाऊन.”

जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे आपल्याच तक्रारी असतात आणि उत्तर द्यायला अधिकारी लागतो. साइटवरचा माणूस साइटवर असेल तर चांगलंच आहे, तो टेबलावर दिसला असता तर मी काळजी केली असती. सर्व्हरचं म्हणाल तर जन्म-मृत्यूच्या नोंदी आता केंद्राच्या पोर्टलवर होतात. ते बसलं की काउंटरवरचा कारकून हाताने दाखला लिहून देऊ शकत नाही. आणि जन्मनोंदणीचा कायदा बदलल्यामुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याचं महत्त्व एवढं वाढलंय की प्रत्येक अक्षर जुळवून घ्यावं लागतं. जन्म झाल्यावर २१ दिवसांत नोंद करायची असते, ती वर्षभर लांबवून मग काउंटरवर आवाज चढवणारेही आपणच.

“गुरुवारी टेबल रिकामं.”

हे मात्र खरं आहे. पण कारण वेगळं. लेखापाल, कर निरीक्षक, अभियंता ही पदं राज्य संवर्गातली, त्यांच्या नेमणुका आणि बदल्या वरून होतात. बदली झालेला माणूस जातो, नवा महिनोन्‌महिने येत नाही, आणि एक अभियंता पाणी आणि बांधकाम दोन्ही बघतो. शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार असलेला मुख्याधिकारी कोकणात नवलाचा नाही. त्यात डिसेंबर २०२१ नंतर इथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. निवडणुका झाल्या डिसेंबर २०२५ मध्ये. मधली चार वर्षं गटाराच्या झाकणापासून सगळी गाऱ्हाणी त्याच रिकाम्या टेबलापाशी येत होती.

तेव्हा ‘टेबल रिकामं का’ हा प्रश्न जरूर विचारा, पण तो मंत्रालयातल्या नगरविकास विभागाला विचारा. आणि काम मुदतीत झालं नाही तर २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. प्रत्येक दाखल्याची मुदत कार्यालयात फलकावर लावलेली असायला हवी, ती उलटली की अपील करता येतं. मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी एक तरी अपील केलंय, हे मला जाणून घ्यायला आवडेल. कोणत्या विभागाने या आठवड्यात काय केलं, हे नगरपरिषदांनी स्वतःहून जाहीर केलं असतं तर असा मजकूर जन्मालाच आला नसता, हेही सांगायला हवं. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम २००५ पासून नेमकं तेच सांगतंय: मागायची वेळ येऊ न देता माहिती द्या.

“किनारा घाण, जेटी घाण, हायवेवर खड्डे.”

भाट्याचा किनारा पूल ओलांडल्यावर येतो. तो शहरात नाही, तिथे ग्रामपंचायत आहे. मिरकरवाडा बंदर मत्स्यव्यवसाय विभागाच्या ताब्यात. मिऱ्याचा धूपप्रतिबंधक बंधारा नगरपरिषद बांधत नाही. कुवारबाववरून हातखंब्याकडे जाणारा मिऱ्या-नागपूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे. विजेची तार लोंबतेय? महावितरण. खांबावरचा दिवा बंद? तो नगरपरिषदेचा, आणि खाऱ्या वाऱ्याने त्याची पेटी गंजलेली असणार. शहरातल्या गल्लीतला खड्डा मात्र त्यांचाच. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात जुलैमध्ये डांबर टाकून उपयोग नाही, तेव्हा खडी किंवा पेव्हर ब्लॉकने वेळ निभावतात. पण ऑक्टोबरनंतरही तोच खड्डा तिथेच असेल तर सोडू नका. रस्ता दोष दायित्व कालावधीत, म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर असलेल्या मुदतीत, असेल तर खड्डा त्यानेच स्वखर्चाने बुजवायचा असतो. बांधकाम विभागाला एकच ओळ लिहून विचारा: या रस्त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो?

पत्ता चुकलेल्या तक्रारीने दोघांचं फावतं. ज्याचं काम आहे त्याला ती पोचत नाही, आणि ज्याच्याकडे पोचते त्याला ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणायला मिळतं.

“भरणंच बंद करूया.”

१९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, गेली. त्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येतं आणि त्यातला बराच भाग पगारात जातो. केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशाचा मोठा वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला असतो, तो गल्लीतल्या रस्त्यावर वळवता येत नाही. आपल्या मनाने खर्च करता येईल असा पैसा उरतो तो मुख्यतः घरपट्टीचा आणि गाळ्यांच्या भाड्याचा. आणि २०२१ ते २०२६ या काळातल्या वित्त आयोगाच्या अनुदानाला एक अट होती: मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या चालीने वाढली पाहिजे. म्हणजे आपण पट्टी अडवली तर आपले पैसे जातातच, त्या काळात दिल्लीचेही अडकायचे. पाणीपट्टीचंही तेच. पंपाचं वीजबिल महिन्याच्या महिन्याला भरावंच लागतं.

आकारणी चुकीची वाटत असेल तर त्याला वाट आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, यादी प्रसिद्ध होते, हरकतीला मुदत असते, सुनावणी होते. पडवी पक्की खोली म्हणून धरली असेल, माप चुकलं असेल तर तिथे कागद घेऊन जा, कमी होतं. पट्टी न भरता घरी बसलात तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. मजकूर लिहिणारा ती भरायला येणार नाही.