कार्लिटो सुधारला नाही म्हणून मेला?

बेळगावातल्या ग्रुपांवर पंधरा दिवस एक मजकूर फिरतोय : ‘जेल भोगलेला माणूस सुधारत नाही. कार्लिटोज वे पिक्चर बघा. धंदा सोडतो म्हणाला, शेवटी गोळीच खाल्ली. हिंडलग्याच्या जेलातून सुटलेल्यांना काम देऊ नका, खोली देऊ नका.’

ब्रायन डी पाल्माचा हा १९९३ चा पिक्चर मी तीनदा बघितलाय. तो नेमकं उलटं सांगतो.

कार्लिटोनं, म्हणजे अल पचिनोनं, धंदा खरंच सोडलेला असतो. तीस वर्षांच्या शिक्षेतली पाच भोगून तो बाहेर येतो. पंचाहत्तर हजार डॉलर साठवायचे आणि बहामाला जाऊन गाड्या भाड्यानं द्यायच्या, एवढंच डोक्यात. तो संत नाही, कबूल. पैसे साठवायला तो एक क्लब चालवतो, त्यात घातलेला पैसा रक्त सांडलेल्या सौद्यातून आलेला असतो. पण गर्द विकायला तो परत जात नाही.

आता ती गोळी. झाडतो बेनी ब्लँको, एक नवखा गुंड. क्लबात त्याच्याशी वाजतं, तेव्हा माणसं त्याला संपवायला तयार असतात आणि कार्लिटो त्याला जिवंत सोडायला लावतो. जुना कार्लिटो असता तर बेनी त्याच रात्री गेला असता. सुधारला, म्हणून गोळी त्याच्यापर्यंत पोचली.

आणि मजकुरात कार्लिटोच्या वकिलाचं नावच नाही! सुटाबुटातला, कधी जेल न भोगलेला क्लाइनफेल्ड. अशिलाचे दहा लाख डॉलर हडपणारा तो, बोटीवर दोन खून करणारा तो, कार्लिटोविरुद्ध खोटं सांगणारा तोच. कार्लिटो त्या बोटीवर जातो ते त्यानं जेलातून सोडवल्याच्या उपकारापोटी. खरं बिघडलेलं माणूस कोण, हे पिक्चरनं एवढं उघड दाखवलंय.

‘सुधारतच नाही’ म्हणणाऱ्यांनी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन यावं. औंध संस्थानानं १९३९ साली तिथं भिंतींशिवाय कैदी ठेवले, शेती करायला. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच आला.

राहिलं काम आणि खोली. वडिलांचं उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप आहे. भाऊबंदकीच्या मारामारीत हिंडलग्याला जाऊन आलेला एकजण तिथं कामाला लागला. बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर हातात घेतल्यावर बोटं बरोबर फिरली, पण जेवणाच्या सुट्टीत डबा धरून उभाच. ‘बस की रे’ म्हटल्याशिवाय बसायचा नाही. महिनाभर असंच चाललं. आज नववं वर्ष. बोअरिंगचं, म्हणजे लेथवर भोक आतून कोरायचं, बारीक काम बाबा दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

खोली मिळायला मात्र त्याला सात महिने लागले. वडगाव, शहापूर, खासबाग सगळं फिरला. भाडं ठरायचं, आगाऊ पैसे मोजून व्हायचे आणि संध्याकाळी निरोप यायचा, ‘पाव्हणे येणार हाईत, खोली नाही जमत.’ सात महिने तो वर्कशॉपच्या माळ्यावर, ऑइलच्या डब्यांशेजारी झोपला.