हरल्यानंतर काय उरतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले, त्या दिवशी माझा फोन सारखा वाजत होता. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारा माणूस जिंकला म्हणून माझे जुने सोबती हरखून गेले होते. एकाने लिहिलं, "भांडवलशाहीच्या राजधानीत आपला माणूस!" त्यावर दुसऱ्याचं लगेच उत्तर, "बघत राहा, आता तिथेही व्हेनेझुएला होणार." दोघेही माझे जिवलग. दोघांशीही मी रात्री उशिरापर्यंत भांडलो. तेव्हा नीट मांडता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय.

मतपेटीतून समाजवाद आणू पाहणाऱ्या पक्षाला मी जोखतो ते तो हरल्यावर. खुर्ची सोडताना त्याने का-कू केली का? आणि तो गेल्यावर मागे काय राहिलं? विजयाच्या मिरवणुका मला आता फारसं काही सांगत नाहीत.

हा वाद काही आजचा नाही. जर्मन समाजवादी विचारवंत एडुआर्ड बर्नस्टाईन यांनी १८९९ मध्ये मांडलं की भांडवलशाही आपोआप कोसळेल म्हणून वाट बघत बसू नका. मताचा हक्क, कामगार संघटना आणि कायदे यांच्या जोरावर एकेक पाऊल पुढे टाका. त्यांच्याच पक्षातल्या क्रांतिवादी रोझा लक्झेंबर्ग त्यांच्यावर तुटून पडल्या. सुधारणांच्या नादात मूळ ध्येयच हातचं जाईल, ही त्यांची भीती. पुढे १९१२ मध्ये या दोघांचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष जर्मन संसदेत ११० जागांसह सगळ्यात मोठा झाला आणि दोनच वर्षांनी त्याच पक्षाने महायुद्धाच्या खर्चाला मंजुरी दिली. रोझाची भीती खरी ठरली होती. पण निवडणुका टाकून द्या असं तिने कधी म्हटलं नाही. रशियात लेनिनच्या बोल्शेविकांनी निवडून आलेली संविधान सभा मोडली तेव्हा तुरुंगातून त्यांना खडसावणारी रोझाच होती. आमचे काही मित्र हे सोयीस्करपणे विसरतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता ब्रिटन. जुलै १९४५ मध्ये मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि क्लेमंट अ‍ॅटली पंतप्रधान झाले. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन. वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा, शाळकरी वयातच स्वतः खाणीत उतरलेला. ५ जुलै १९४८ ला त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. त्याआधी गरीब माणसाला चष्मा लागला तर तो काय करायचा माहीत आहे? दुकानात मांडून ठेवलेल्या तयार चष्म्यांतून एकेक डोळ्याला लावून बघायचा आणि ज्यातून बारीक अक्षर बरं दिसेल तो घेऊन घरी जायचा. डोळे तपासायला डॉक्टरकडे जाणं परवडायचंच नाही. सेवा सुरू झाली आणि चष्म्यांसाठी, दातांच्या कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की सरकारचे सगळे अंदाज कोलमडले. वर्षानुवर्षं अंगावर काढलेली दुखणी घेऊन लोक आले होते.

१९५१ मध्ये त्यांच्याच सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा बेव्हन यांनी राजीनामा दिला. एवढ्याशा शुल्कासाठी? हो, एवढ्याशा शुल्कासाठी. फुकट या शब्दाला एकदा भोक पडलं की ते मोठं होत जातं, हे त्यांना कळत होतं. मला हा राजीनामा त्यांच्या साऱ्या भाषणांहून मोठा वाटतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मजूर पक्ष हरला. मतं विरोधकांपेक्षा जास्त, जागा कमी. अ‍ॅटली यांनी दुसऱ्याच दिवशी पद सोडलं. ज्या हुजूर पक्षाने आरोग्य सेवेच्या विधेयकाविरुद्ध मतदान केलं होतं, तोच आता सत्तेत आला. आणि त्यांनी सेवा मोडली नाही. मोडायची हिंमत नव्हती. मजूर सरकारने सरकारी मालकीचा केलेला पोलाद उद्योग मात्र १९५३ पासून विकायला काढला आणि त्यासाठी फारसं कुणी रस्त्यावर उतरलं नाही.

असं का झालं असेल? पोलादाला रुजायला वेळ मिळाला नाही, हे खरं. पण कोळशाला तर भरपूर मिळाला ना! १ जानेवारी १९४७ ला ब्रिटनभर खाणींच्या दारात पाट्या लागल्या की ही खाण आता जनतेच्या वतीने चालवली जाते. कामगारांनी झेंडे लावले, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी खाली उतरले तर हुकूम सोडणारे बहुतेक जुनेच साहेब. शेवटी १९९४ मध्ये कोळसाही विकला गेला. मालकी बदलली, पण खाणीतल्या माणसाच्या हाती निर्णय आला नाही. आरोग्य सेवा तशी नव्हती. ती प्रत्येक घरात, बाळंतपणात, म्हाताऱ्याच्या उशाशी होती. जिथे घरोघरी राखणदार तयार झाले तिथे विरोधकांनाही नमतं घ्यावं लागलं.

स्वीडनचं उदाहरण तर मला चटका लावून जातं. तिथल्या कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ मायडनर यांनी १९७५ च्या सुमारास एक विलक्षण योजना मांडली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्क्यांइतके नवे शेअर कामगारांच्या सामूहिक निधीला द्यायचे. जप्ती नाही, रक्तपात नाही, फक्त काही दशकं थांबायचं. कंपन्यांची मालकी हळूहळू कामगारांकडे येईल. निवडणुकीच्या मार्गाने समाजवादाच्या इतक्या जवळ जाणारा आराखडा माझ्या तरी वाचनात दुसरा नाही. पण तो तज्ज्ञांच्या टेबलावर जन्मला आणि तिथेच राहिला. ४ ऑक्टोबर १९८३ ला स्टॉकहोममध्ये हजारोंचा मोर्चा निघाला तो निधीच्या विरोधात, उद्योजकांच्या पुढाकाराने. निधीच्या बाजूने तेवढी माणसं उभी राहिली नाहीत. डिसेंबरात संसदेने पार पातळ केलेलं विधेयक मंजूर केलं. त्या चर्चेदरम्यान अर्थमंत्री शेल-उलोफ फेल्ट आपल्या बाकावर बसून कागदावर काही खरडत होते, ते एका वृत्तछायाचित्रकाराने टिपलं. ती निघाली या निधीला शिवी घालणारी कविता! विधेयक आणणाऱ्या सरकारच्याच अर्थमंत्र्याची. १९९१ मध्ये सरकार बदललं आणि निधी गुंडाळले गेले. कुणी रडलं नाही. याच स्वीडनमध्ये आई आणि वडील दोघांनाही मिळणारी पालकत्व रजा १९७४ पासून आहे. उजवी सरकारं आली-गेली, ती टिकून आहे.

चिलीबद्दल लिहिताना हात जड होतो. समाजवादी नेते साल्वादोर अयेंदे पेशाने डॉक्टर. तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक हरले, प्रत्येकदा निकाल मान्य केला, चौथ्यांदा ४ सप्टेंबर १९७० ला ३६ टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळवून पहिले आले. आठवडाही उलटला नव्हता तोवर वॉशिंग्टनमध्ये त्यांना रोखण्याचे बेत सुरू झाले. चिलीची अर्थव्यवस्था किंचाळली पाहिजे, अशी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाची नोंद सीआयए या गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांच्या हस्ताक्षरात आहे. लष्करप्रमुख रेने श्नायडर संविधानाशी एकनिष्ठ होते. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा जीव गेला.

अयेंदे यांच्या चुका झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. एक तृतीयांशाहून थोड्या जास्त मतांवर सगळं एकदम बदलायला निघणं, आणि नोटा छापून पगारवाढ करणं, हे महागात पडलं. महागाईने माणसं पिचली. तरीही मार्च १९७३ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ४३ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. सामानासाठी रांगेत तासन् तास उभं राहूनही लोकांनी मतं वाढवून दिली. मतपेटीतून त्यांना हटवता येत नाही हे दिसलं आणि ११ सप्टेंबरला लष्कराने बंड केलं, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर लढाऊ विमानांनी बाँब टाकले. आपण पुढे जावं की नाही याचा कौल लोकांकडेच मागायचा, असं अयेंदे यांनी ठरवलं होतं आणि त्याची घोषणा त्याच दिवशी व्हायची होती, असं त्यांचे सहकारी सांगत आले आहेत.

त्यातून काही उरलं का? उरलं. जुलै १९७१ मध्ये तांब्याच्या मोठ्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा चिलीच्या संसदेत एकही मत विरोधात पडलं नव्हतं. उजव्यांचंही नाही. बंडानंतर सत्तेवर आलेल्या लष्करी हुकूमशहा पिनोचेटने पुढे पेन्शनपासून कारखान्यांपर्यंत काय काय खाजगी केलं, पण या खाणी विकल्या नाहीत. तांब्याच्या कमाईतला हिस्सा सैन्याला मिळत होता, हेही त्यामागचं एक कारण. नव्या खाणी खाजगी कंपन्यांना मिळाल्या, हेही खरं. पण चुकीकामाता आणि एल तेनिएंते आजही सरकारी आहेत. ज्या एका निर्णयावर अयेंदे यांना सगळा देश सोबत मिळाला, तो हुकूमशहालाही पुसता आला नाही.

आपल्याकडचं केरळही याच रांगेतलं. एप्रिल १९५७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे ई. एम. एस. नंबुद्रिपाद निवडून येऊन मुख्यमंत्री झाले आणि पहिल्याच आठवड्यात कुळांना जमिनीवरून हुसकावण्यावर बंदी घालणारा अध्यादेश निघाला. ३१ जुलै १९५९ ला केंद्राने सरकार बरखास्त केलं. ते निमूट घरी गेले, पुन्हा लोकांत गेले, आणि १ जानेवारी १९७० पासून कुळपद्धत मोडणारा कायदा तिथे लागू झाला. तोवर मुख्यमंत्री दुसरे होते, आघाडी दुसरी होती, काँग्रेसचा पाठिंबा होता. पण कूळ कसत असलेल्या जमिनीचा मालक झाला तो झालाच.

आणि आता व्हेनेझुएला. माझ्या दुसऱ्या मित्राला मी हे नाव घेऊ नको असं म्हणणार नाही. तिथले अध्यक्ष ह्यूगो चावेझ २००७ मधलं घटनादुरुस्तीचं सार्वमत थोडक्यात हरले आणि त्यांनी हार मान्य केली, तोवर मला त्या प्रयोगाबद्दल आशा होती. २०१५ मध्ये विरोधकांनी संसद जिंकली, तेव्हा चावेझ यांच्यानंतर आलेल्या मादुरो यांच्या सरकारने त्या संसदेलाच निकामी केलं. २०२४ च्या निवडणुकीनंतर केंद्रनिहाय आकडेसुद्धा जाहीर केले नाहीत. तिथल्या कम्युनिस्ट पक्षानेही या सरकारची साथ सोडली होती. तेलाचे भाव आणि अमेरिकेचे निर्बंध यांनी देश पिळून निघाला हे मी मानतो, पण मतमोजणी लपवायला कुठल्याही निर्बंधाने भाग पाडलं नव्हतं. जो पक्ष हरायला तयार नाही त्याला मी समाजवादी म्हणणार नाही, मग त्याचा झेंडा कितीही लाल असो.

परत न्यूयॉर्ककडे येतो. ममदानी यांची तीन मोठी आश्वासनं: नियंत्रित घरांचं भाडं गोठवणं, बस मोफत करणं आणि सहा आठवड्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचा मोफत सांभाळ. भाडं दरवर्षी एक मंडळ ठरवतं; महापौर बदलला, मंडळावरची माणसं बदलली की निर्णय उलटू शकतो. बससेवा शहराच्या हातातच नाही, ती राज्याच्या प्राधिकरणाकडे आहे. मुलांच्या सांभाळालाही पैसा राज्याकडूनच मागावा लागेल, आणि तो सगळ्यात जास्त लागेल. तरी मी त्यांच्या जागी असतो तर सगळी ताकद तिथेच लावली असती. सकाळी आठ वाजता मूल पाळणाघरात ठेवून कामावर पळणाऱ्या आईकडून ते दार पुढचा कुठलाही महापौर काढून घेऊ शकेल, असं मला वाटत नाही.