थर्माकोलच्या बोर्डाला साधं रेझिन का चालत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

थर्माकोलवर इपॉक्सी रेझिन आणि फायबरचं कापड चढवून घरी पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) बांधण्याच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. थर्माकोलचा बोर्ड माणसाच्या वजनाने मध्येच मोडेल. इपॉक्सी हा उगीचचा खर्च आहे, कोकणातल्या फायबरच्या होड्या साध्या रेझिनवरच चालतात. आणि डेकला, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला, हवेचं भोक ठेवणं म्हणजे पाण्याला वाट करून देणं. सुरुवात दुसऱ्यापासून करतो, कारण तो सल्ला मानून कुणी साधं रेझिन आणलं तर त्याचा फोम पहिल्याच दिवशी वाया जाईल.

होड्यांचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण होडी साच्यात घालतात, तिथे रेझिनखाली थर्माकोल नसतो. साध्या, म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये ३५ ते ४० टक्के स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. ब्रश फिरवला की काही मिनिटांत फोम विरघळून खड्डे पडतात. आधी डिस्टेंपर किंवा पांढऱ्या फेविकॉलचा हात मारून वर पॉलिएस्टर लावायची युक्ती सांगितली जाते. तीत दोन खोट आहेत. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी रेझिन आत उतरतं आणि वरून काही न दिसता खाली पोकळी होते. शिवाय फायबर फोमला नव्हे, रंगाला चिकटतं, आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर फोम पीयूचा (पॉलियुरेथेनचा) घ्या. सर्फबोर्ड तसे बनत आलेत. तो सहसा थर्माकोलपेक्षा जड आणि महाग पडतो, त्यामुळे रेझिनमध्ये वाचवलेलं तिथे जातं.

आता इपॉक्सी किती लागतं ते पाहा. बोर्ड साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, साडेचार इंच जाड. सगळा पृष्ठभाग जवळपास ५ चौ. मी. चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारं काचतंतूंचं विणलेलं कापड खाली दोन थर, वर दोन थर, उभं राहायच्या जागी तिसरा तुकडा: कापड सुमारे सव्वादोन किलो. हाताने काम करताना कापडाच्या वजनाइतकंच रेझिन धरा. फोमचे मणी बुजवायच्या पहिल्या हाताला सव्वा किलो, शेवटच्या भरणीच्या हाताला एक किलो. भांड्यात आणि ब्रशला राहणारं मिळून हार्डनरसकट (रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग) ६ किलो आणा. तुमच्या गावातल्या दोन्ही रेझिनच्या भावातला फरक सहाने गुणला की ‘उगीचचा खर्च’ नेमका किती ते कळेल.

फायबरवाल्याकडून काम करून घेणार असाल तर त्याच्या दोन सवयी इथे घातक ठरतात. पॉलिएस्टरमध्ये तो हार्डनर एक-दोन टक्के, अंदाजाने टाकतो आणि लवकर सुकावं म्हणून वाढवतो. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनशी जोडला जाणारा मुख्य घटकच आहे. डब्यावरचं प्रमाण काट्यावर वजन करूनच घ्यायचं. जास्त घातला तर बोर्ड लवकर सुकत नाही, कायमचा चिकट राहतो. दुसरी सवय चॉप्ड मॅटची, म्हणजे न विणता तुकड्या धाग्यांच्या दाबलेल्या कापडाची. मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून पॉलिएस्टरमध्ये मॅट मऊ पडून बसते. इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे ती ताठ राहते आणि कडेवर वळत नाही. विणलेलं कापडच घ्या.

एका वेळी २५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. एप्रिलच्या उकाड्यात मगभर रेझिन हातात धूर काढतं. काम दुपार उतरल्यावर सुरू करा. सकाळी सुरू केलंत तर ऊन चढेल तशी मण्यांमधली हवा फुगते आणि ओल्या कापडाखाली फोड येतात. पावसाळ्यात तर हे काम नकोच. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती पाणी आणि स्कॉच-ब्राइटने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही.

मोडण्याची भीती मात्र अस्थानी आहे. आय सेक्शनच्या (इंग्रजी I सारख्या छेदाच्या) गर्डरमध्ये भार वरचा आणि खालचा पट्टा घेतो, मधला पत्रा त्यांच्यातलं अंतर राखतो. इथे फोम त्या पत्र्याच्या जागी आहे. शिवाय पाणी सबंध बोर्डाला खालून उचलून धरतं. मधोमध बसवलेली ४ मिमी मरीन प्लायची उभी पट्टी, वजन एक किलोच्या आत, उरलेला वाक सांभाळते. खरी कमजोर जागा टाचेखाली आहे. ८० किलोचा माणूस एका टाचेवर आला की २५ चौ. सेंमी.वर दर चौ. सेंमी.ला ३.२ किलो येतात, आणि घनमीटरला २० किलो घनतेचा थर्माकोल १ किलोच्या आसपासच चेपतो. म्हणून डेकवर तिसरा थर. इथे माझी चूक कबूल करतो: लेखात मी ‘पॅकिंगचा कुठलाही थर्माकोल चालेल’ असं लिहिलं होतं, ते काढून टाकलं आहे. घनता घनमीटरला किमान २० किलो हवी, वजनदार माणसाला २४. दुकानात घनता सांगत नाहीत, पण १ मी. × ५० सेंमी. × ५ सेंमी.ची शीट काट्यावर ५०० ग्रॅम भरली तर ती २०ची. अशा फोमचा तयार बोर्ड साडेबारा-तेरा किलोंचा होतो.

भोकाबद्दल. बंद बोर्ड २५ अंशांवरून उन्हात ६० अंशांना गेला की आतल्या हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दर चौरस मीटरला बाराशे किलोंचा जोर आतून बाहेर. घरच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी नेमकं त्याच तापमानाला मऊ पडू लागतं. डेक फोमपासून सुटतो तो असा. भोक पितळी स्क्रू आणि रबरी ओ-रिंगचं, डेकच्या पुढच्या बाजूला, पाय पडणार नाही तिथे. जमिनीवर उघडं, पाण्यात बंद. उन्हातून आणलेला बोर्ड दहा मिनिटं सावलीत ठेवून मग स्क्रू आवळा, नाहीतर पाण्यात निवताना आतल्या हवेचा दाब उतरतो आणि सापडेल त्या फटीतून पाणी ओढलं जातं.

तरी खात्री नसेल तर बोर्डाआधी फोमचे फूटभराचे दोन तुकडे घ्या. एकावर इपॉक्सी, दुसऱ्यावर रंगाचा हात मारून पॉलिएस्टर, कापड दोन्हींवर तेच. आठवड्याने दोन्हींचं कोपऱ्यातलं कापड पकडीने उचला. साल मणी उपटून घेऊन आली तर पकड फोमइतकी मजबूत आहे. स्वच्छ आली, तर त्या रेझिनवर बोर्ड बांधू नका.